पिकअपच्या ब्रेकमधील हवा कशी काढावी?



भाजीपाला, फळे, दूध, खते व बियाणे यांची ने-आण करण्यासाठी पिकअप, जीप किंवा छोटा टेम्पो आता अनेक शेतकरी कुटुंबांच्या दारात उभा असतो. नारायणगावचा टोमॅटो असो वा नाशिककडील भाजीपाला, मुंबईच्या बाजारात पोहोचण्यापूर्वी भरलेल्या गाडीला घाट उतरावा लागतो. कसारा, माळशेज, कुंभार्ली, आंबा यांपैकी कोणताही घाट घ्या, तेथे मालाची, गाडीची आणि माणसाची सुरक्षितता पायाखालच्या एका पेडलवर अवलंबून असते. इंजिनचे ऑइल वेळेवर बदलणारा शेतकरीही ब्रेककडे मात्र ब्रेक लागेनासा होईपर्यंत पाहत नाही.

ब्रेकमध्ये हवा शिरणे हा नेहमी आढळणारा दोष आहे. ही हवा काढण्याचे काम दोन माणसांनी काळजीपूर्वक केल्यास घरी करता येते. मात्र हवा काढणे म्हणजे दोष दूर करणे नव्हे. बंद नळ्यांमध्ये हवा आपोआप निर्माण होत नाही. ती कोठून तरी आत आलेली असते. ती वाट शोधली नाही तर आज काढलेली हवा आठ दिवसांनी पुन्हा शिरते. म्हणून या लेखात कारण शोधण्याची रीत आधी आणि हवा काढण्याची कृती नंतर दिली आहे.

ही माहिती ब्रेक ऑइलवर चालणाऱ्या जीप, पिकअप, छोटा टेम्पो व मोटारी यांना लागू आहे. मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, त्यांना ती लागू नाही. अनेक ट्रॅक्टरांचे ब्रेक दांड्यांनी ओढले जाणारे असतात. काही ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक ब्रेक असतात, पण त्यांना वेगळ्या प्रकारचे ऑइल लागू शकते. त्यासाठी त्या ट्रॅक्टरची माहिती पुस्तिकाच प्रमाण मानावी.

ब्रेकचे कार्य कसे चालते?

बंद भांड्यातील द्रवावर दाब दिला असता तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलो आहोत. हायड्रॉलिक ब्रेक याच नियमावर चालतो. पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या पुढे सरकतो, नळ्यांतील ब्रेक ऑइलवर दाब येतो आणि तो चारही चाकांपर्यंत जातो. मागील चाकांत बहुधा ड्रम असतात. तेथे व्हील सिलिंडर ब्रेक शूना ड्रमवर दाबतो. पुढील चाकांत डिस्क असल्यास कॅलिपरमधील दट्ट्या ब्रेक पॅडना डिस्कवर दाबतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपण पेडलवर पायाने २० कि.ग्रॅ. भार दिला. पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट, म्हणजे १०० कि.ग्रॅ. झाला. मास्टर सिलिंडरच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ ४ चौ. सें.मी. असेल तर ऑइलमध्ये दर चौ. सें.मी.ला २५ कि.ग्रॅ. दाब तयार होईल. चाकाजवळील दट्ट्या ५ चौ. सें.मी.चा असेल तर तो १२५ कि.ग्रॅ. बलाने शू दाबेल. बूस्टर असलेल्या गाडीत हे बल आणखी वाढते.

चमचाभर हवा काय करते?

हे सारे द्रव दबत नाही या गुणामुळे शक्य होते. हवा मात्र दबते. वरील उदाहरणातील नळीत ५ घन सें.मी., म्हणजे चहाचा एक चमचा भरेल एवढी हवा अडकली आहे असे समजा. २५ कि.ग्रॅ. दाबाखाली ती आकसून पाव घन सें.मी.पेक्षाही कमी होईल. रिकामी झालेली जागा भरण्यासाठी दट्ट्याला सुमारे १.२ सें.मी. जादा सरकावे लागेल आणि तरफेमुळे पेडल ६ सें.मी. जादा खाली जाईल. पायाखाली एवढी जागा उरलेलीच नसते. पेडल पाटाला टेकते आणि गाडी थांबत नाही.

डिझेल इंजिनने एअर घेतली तर पंप नुसता खडखडतो व बागेला पाणी मिळत नाही, हे आपल्या परिचयाचे आहे. पाइपलाइनमध्ये हवा उंच जागी जमते म्हणून आपण एअर व्हॉल्व्ह उंचावर बसवितो. ब्रेकमध्येही हवा वरच्या बाजूलाच जमते. त्यामुळे प्रत्येक चाकाच्या सिलिंडरला वरच्या बाजूस एक लहान पोकळ बोल्ट असतो, त्यास निपल म्हणतात. हवा येथूनच काढावयाची असते. दुरुस्तीत डाव्या-उजव्या कॅलिपरची अदलाबदल झाली तर निपल खालच्या बाजूला येते. मग कितीही ऑइल वाया घालविले तरी हवा निघत नाही.

हवा कोठून येते?

१) टाकीतील पातळी खाली गेल्याने : मास्टर सिलिंडरवरील टाकीत ऑइल कमी झाले की ऑइलऐवजी हवा ओढली जाते. ब्रेक पॅड झिजत जातात तशी पातळी अगदी हळूहळू उतरते, ते स्वाभाविक आहे. आठ-पंधरा दिवसांत ती डोळ्यांना जाणवेल एवढी उतरली तर गळती आहे असे समजावे.

२) दुरुस्तीनंतर : व्हील सिलिंडर, नळी किंवा होज पाइप उघडल्यास हवा शिरतेच. अशा दुरुस्तीनंतर हवा काढलीच पाहिजे.

३) झिजलेल्या रबरांतून : व्हील सिलिंडरमधील रबर झिजले की ऑइल बाहेर पाझरते आणि पेडल सोडताना हवा आत येऊ शकते. चाकाच्या आतील बाजूस किंवा ड्रमच्या तळाशी ओलसर, धूळ चिकटलेला डाग दिसल्यास हेच कारण असते.

४) मास्टर सिलिंडरच्या मागील बाजूने : येथील रबर गेल्यास ऑइल बूस्टरमध्ये उतरते. बाहेर थेंबही दिसत नाही, पण टाकी कमी होत राहते.

५) जुन्या ऑइलमुळे : ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे त्याचा उत्कलनांक खाली येतो. घाटात ब्रेक तापले की ऑइल उकळून वाफ होते व वाफही हवेसारखीच दबते. गाडी थंड झाल्यावर वाफेचे पुन्हा पाणी होते आणि पेडल पूर्ववत कडक लागते. चालकाला वाटते, दोष आपोआप गेला. प्रत्यक्षात तो पुढील घाटाची वाट पाहत असतो.

पेडलवरून दोष ओळखा

हवा काढावयास घेण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून पेडल दाबून पाहावे व पुढीलप्रमाणे निदान करावे.

अ) पेडल मऊ, स्पंजासारखे लागते आणि चार-पाच वेळा दाबल्यावर वर येऊन थोडे कडक होते : ऑइलमध्ये हवा आहे.

ब) पेडल बरेच खाली जाते, पण तेथे कडक लागते : शू व ड्रम यांमधील अंतर वाढले असावे. आधी शूचे अंतर जुळवून घ्यावे. येथे हवा काढून उपयोग होत नाही.

क) पेडलवर पाय दाबून धरला असता ते हळूहळू खाली बसत जाते : गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरमधील रबरे निकामी झाली आहेत. गाडी चालवू नये, मेकॅनिकला बोलवावे.

ड) इंजिन चालू असतानाही पेडल दगडासारखे कडक लागते व गाडी लवकर थांबत नाही : बूस्टर किंवा त्याची व्हॅक्युम नळी तपासावी.

इ) पेडल अचानक नेहमीपेक्षा खूप खाली गेले, पण ब्रेक थोडा लागतो : मास्टर सिलिंडरमध्ये दोन स्वतंत्र कप्पे असतात. त्यांपैकी एक निकामी झाला असण्याची शक्यता आहे. गाडी तेथेच थांबवावी.

पुढे दिलेली कृती फक्त 'अ' प्रकारासाठी, तसेच गळतीची दुरुस्ती पूर्ण झाल्यानंतर करावयाची आहे.

ब्रेक ऑइलची निवड

आपण यास ऑइल म्हणत असलो तरी हे खनिज तेल नव्हे. टाकीच्या झाकणावर किंवा माहिती पुस्तिकेत डॉट ३ अथवा डॉट ४ असे लिहिलेले असते. त्याप्रमाणेच ऑइल घ्यावे. डॉट ३ चा किमान उत्कलनांक कोरडे असताना २०५ अंश से. असतो व सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यानंतर १४० अंश से. धरला जातो. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ अंश से. आहेत. थोड्याशा ओलाव्याने किती फरक पडतो, हे यावरून ध्यानात येईल.

म्हणून सीलबंद डबाच घ्यावा. मागील दिवाळीत फोडलेल्या डब्यातील उरलेले ऑइल वापरू नये. निपलमधून निघालेले ऑइल कितीही स्वच्छ दिसले तरी पुन्हा टाकीत ओतू नये. पुस्तिकेत वेगळी सूचना नसल्यास सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी ऑइल पूर्ण बदलावे. नव्या ऑइलने जुने बाहेर ढकलणे हीच ऑइल बदलण्याची पद्धत असल्याने दोन्ही कामे एकदमच होतात.

इंजिन ऑइल, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक ऑइल, डिझेल, रॉकेल किंवा पेट्रोल यांचा थेंबही ब्रेकच्या टाकीत जाता कामा नये. खनिज तेलाने ब्रेकची रबरे फुगतात व संपूर्ण यंत्रणेतील रबरे बदलण्याची वेळ येते. या कामासाठी ऑइलची जुनी नरसाळी, डबे वापरणेही टाळावे.

लागणारे साहित्य

१) योग्य प्रकारचे ब्रेक ऑइल : नुसती हवा काढण्यास साधारण अर्धा लिटर, ऑइल पूर्ण बदलण्यास सुमारे १ लिटर.
२) निपलच्या मापाचा रिंग पाना. बहुधा ८, १० किंवा ११ मि.मी.चा पाना लागतो. फिक्स पान्याने निपलचे कोपरे गोल होतात.
३) निपलवर घट्ट बसेल अशी पारदर्शक प्लॅस्टिकची नळी, सुमारे दोन फूट.
४) पारदर्शक बाटली.
५) स्वच्छ फडके, तारेचा ब्रश, चाकांना लावण्यासाठी लाकडी ठोकळे.
६) पेडल दाबण्यासाठी घरातील एक समजूतदार मोठी व्यक्ती.

पूर्वतयारी

गाडी सपाट व कठीण जागेवर रिकामी उभी करावी. पुढे-मागे चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक सोडावा. पिकअप जमिनीपासून पुरेशी उंच असते, त्यामुळे चाक न काढताही बहुधा निपलपर्यंत हात पोहोचतो. चाक काढावे लागलेच तर केवळ जॅकवर उभ्या गाडीखाली जाऊ नये, मजबूत स्टँड लावावा. मागील आसाजवळ भारानुसार ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असल्यास गाडी चाकांवर उभी ठेवूनच काम करावे. चाके लोंबकळत राहिली तर तो व्हॉल्व्ह मागील चाकांकडे जाणारे ऑइल अडवितो.

इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबावे, म्हणजे बूस्टरमधील व्हॅक्युम संपेल. टाकीचे झाकण व आजूबाजूची धूळ पुसून मगच झाकण उघडावे. टाकी कमाल खुणेपर्यंत भरावी. काही गाड्यांत हायड्रॉलिक क्लचलाही याच टाकीतून ऑइल जाते, हे लक्षात ठेवावे.

निपलवरील माती ब्रशने काढावी. निपल गंजली असल्यास बाहेरून गंज सोडविणारा स्प्रे मारून थोडा वेळ थांबावे, नंतर हलकेच ठोकून सोडवावी. जोर करू नये. निपल आत मोडली तर सिलिंडरच बदलावा लागतो.

पेडल दाबणाऱ्याचा पाय पूर्ण खाली जाऊ नये म्हणून जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा लहान ठोकळा ठेवावा. मास्टर सिलिंडरचा शेवटचा भाग रोजच्या वापरात येत नसल्याने तेथे गंज किंवा कीट साचलेले असते. रबर त्यावरून गेल्यास फाटते आणि हवा काढता काढता नवीनच दोष निर्माण होतो.

हवा काढण्याची कृती

मास्टर सिलिंडरपासून जे चाक सर्वांत लांब, तेथून सुरुवात करावी. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो व मास्टर सिलिंडरही उजवीकडेच असतो. त्यामुळे साधारण क्रम असा राहतो : मागील डावे, मागील उजवे, पुढील डावे आणि शेवटी पुढील उजवे. मागील दोन्ही चाकांना मिळून एकच निपल असू शकते, तसेच भार व्हॉल्व्हला स्वतंत्र निपल असू शकते. पुस्तिकेत वेगळा क्रम दिला असल्यास तोच पाळावा.

१) बाटलीत थोडे नवे ब्रेक ऑइल घ्यावे. नळीचे एक टोक निपलवर बसवून दुसरे टोक बाटलीतील ऑइलमध्ये बुडवून ठेवावे. नळी निपलपासून आधी थोडी वर जाऊन मग खाली वळावी, म्हणजे बुडबुडे परत आत येत नाहीत.

२) सहकाऱ्याने पेडल सावकाश तीन-चार वेळा दाबावे व शेवटी दाबून धरावे. धरल्यावर "धरले" असे मोठ्याने सांगावे. भराभर पंपिंग केल्यास हवेचे बारीक बुडबुडे होऊन ऑइलमध्ये मिसळतात व लवकर निघत नाहीत.

३) आता निपल पाव ते अर्धा फेरा सैल करावी. ऑइल व बुडबुडे नळीतून बाटलीत येतील आणि पेडल खाली जाईल. सहकाऱ्याने पाय काढू नये.

४) निपल बंद करावी आणि त्यानंतरच "सोड" असे सांगावे. साऱ्या कृतीतील महत्त्वाची पायरी हीच आहे. निपल उघडी असताना पाय उचलला तर बाहेरची हवा आत ओढली जाण्याचा धोका असतो आणि सर्व श्रम वाया जातात.

५) पेडल सावकाश पूर्ण वर येऊ द्यावे. काही सेकंद थांबून हीच कृती पुन्हा करावी.

६) चार-पाच वेळा झाल्यावर टाकी पाहावी व ऑइल घालावे. पातळी किमान खुणेच्या खाली जाऊ देऊ नये. टाकी रिकामी झाली तर पहिल्या चाकापासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

७) नळीतून बुडबुडे येणे थांबले व स्वच्छ ऑइल येऊ लागले की निपल बेताने आवळावी, रबरी टोपी बसवावी आणि पुढील चाक घ्यावे.

चारही चाके झाल्यावर टाकी कमाल खुणेपर्यंत भरून झाकण घट्ट लावावे. चारदा फिरूनही पेडल मऊच राहिले तर हवेची वाट अजून उघडी आहे किंवा मास्टर सिलिंडरमध्ये हवा अडकली आहे, असे समजून काम थांबवावे व जाणकाराची मदत घ्यावी.

रस्त्यावर नेण्यापूर्वीची तपासणी

इंजिन बंद ठेवून पेडल जोराने अर्धा मिनिट दाबून धरावे. ते खाली बसता कामा नये. त्याच वेळी दुसऱ्याने चारही निपल कोरड्या आहेत का, ते पाहावे. नंतर पेडलवर पाय ठेवूनच इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. यानंतर मोकळ्या जागेत रिकामी गाडी ताशी १० ते १५ कि.मी. वेगाने चालवून ब्रेक लावून पाहावा. गाडी एका बाजूस ओढत नाही याची खात्री करावी. दुसऱ्या दिवशी टाकीची पातळी पुन्हा पाहावी. हे सर्व समाधानकारक असेल तरच माल भरावा.

घाट उतरताना

ब्रेक कितीही चांगला असला तरी त्याच्याकडून किती काम घ्यावे यास मर्यादा आहे. मालासह अडीच टन वजनाची गाडी ३०० मीटर उंची उतरते तेव्हा तिचा सर्व भार ब्रेकने पेलला, तर साधारण २५ लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. ही उष्णता ड्रम, डिस्क आणि शेवटी ऑइलपर्यंत पोहोचते. म्हणून घाटाच्या माथ्यावरच गिअर कमी करावा आणि जो गिअर चढताना लागला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. इंजिन बंद करून किंवा न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचविण्याचा मोह घातक आहे. इंजिन बंद झाले की बूस्टरचे साहाय्यही लवकरच संपते. ब्रेकवर सतत पाय घासत ठेवू नये. वेग कमी करण्यापुरता ठामपणे दाबून सोडावा.

उतारावर पेडल खाली गेलेच तर इंजिन बंद करू नये. पेडल भराभर दाबत राहावे, एकेक गिअर खाली घ्यावा, हँडब्रेक हळूहळू ओढावा आणि गाडी दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला घ्यावी. थांबल्यावर ब्रेक थंड होऊन पेडल वर आले तरी तीच गाडी माल घेऊन पुढे नेऊ नये.

हे काम घरी केव्हा करू नये?

टाकी पूर्ण रिकामी झाली असेल व गाडीस एबीएस असेल तर हवा त्या यंत्रणेत अडकते. ती काढण्यास अनेकदा कार्यशाळेतील संगणकीय उपकरण लागते. ब्रेकचा इशारा देणारा दिवा पातळी बरोबर असताना व हँडब्रेक सोडलेला असतानाही पेटत असेल, नळी गंजली असेल, होज पाइपला चिरा पडल्या असतील किंवा व्हील सिलिंडर पाझरत असेल तर आधी दुरुस्ती करून घ्यावी. रबरे बदलण्याचे काम अनुभवाशिवाय करू नये.

इतर काळजी

ब्रेक ऑइल विषारी आहे. डोळ्यांत गेल्यास भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे जावे. ते गाडीच्या रंगावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे, अन्यथा रंग निघतो. ब्रेक शू किंवा पॅडवर ते लागू देऊ नये. काढलेले ऑइल पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत घरात ठेवू नये, तसेच शेतात, विहिरीजवळ वा ओढ्यात ओतू नये. खुणेच्या डब्यात भरून गॅरेजमधील टाकाऊ ऑइलबरोबर द्यावे, मात्र ते ब्रेक ऑइल असल्याचे सांगावे.

पिकावर रोग दिसल्यावर फवारणीपूर्वी आपण पान उलटून पाहतो. ब्रेकच्या बाबतीतही तीच सवय लावावी. दर आठवड्यास टाकीची पातळी व चाकांची आतील बाजू पाहण्यास पाच मिनिटे पुरतात. पातळी उतरलेली दिसल्यास नुसते ऑइल ओतून निघू नये. ते कोठे गेले याचा शोध लागल्यावरच गाडीत माल भरावा.